दाण्याची ओळ

पत्रं मी कबुतरांच्या खुराड्यात लपवायचो,
मक्याच्या पत्र्याच्या डब्याखाली.
लिनेट तिथे येत नाही, पिसांनी तिला खोकला होतो.
चौदा महिन्यांत गठ्ठा एवढा फुगला
की डबा कलला,
आणि मी दुसऱ्या बाजूला वीट लावली.

ॲशिंग्टन. मेथडिस्ट चर्चमागचा हॉल, मंगळवार.
रेडिएटर आहे, पण तो म्हणे
गुरुवारी नाच शिकणाऱ्यांसाठीच तापतो.
मिसेस थर्लवेल कोट घालूनच बसल्या होत्या.
मी पिशवी टेबलावर पालथी केली.
पाकिटांतून एक राखाडी पीस घरंगळलं.
त्यांनी ते झटकलं नाही,
पेन्सिलींच्या डबीत उभं केलं.

"हे फोडलेलं नाही. हेही नाही. हे तर मार्चमधलं."
जखमेवरची पट्टी काढताना नर्स बोलत राहते,
तशा त्या बोलत राहिल्या,
बंदरावरच्या वाऱ्याबद्दल, बहिणीच्या गुडघ्याबद्दल,
आणि लोणी लावायच्या सुरीनं
एकेक पाकीट उघडत गेल्या.

दोन ढीग झाले.
एकात लाल अक्षरं, उद्गारचिन्हं,
'अखेरची संधी', सातव्यांदा.
दुसऱ्यात सभ्य, करडी पत्रं:
घरभाडं, घरपट्टी, गॅस.
माझा हात लाल ढिगाकडे गेला.
"तो नको. तो नुसता ओरडतो.
घराबाहेर काढणारा हळू बोलतो.
आधी त्याचं ऐका."

चौदा महिने मी ओरडणाऱ्यांचंच भरत होतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत,
हे सांगणारे पुष्कळ भेटले.
या बाईंनी आधी अंथरूण मोजलं:
बिस्किटांच्या गोदामातले तास,
एका आठवड्यात तीस, पुढच्यात अकरा.
मग पाय मोजले.
मग चष्मा काढून म्हणाल्या,
"मिस्टर हेसलॉप, पाय तुमचे बेताचेच आहेत.
अंथरूण आटलंय."
मी बोलणी खायची तयारी करून आलो होतो.
दाढीसुद्धा त्यासाठीच केली होती.
आता या चेहऱ्याचं काय करायचं कळेना.

खर्चाचा फॉर्म. ब्रेड, बस, केस कापणं.
पाळीव प्राणी.
"काही नाही," मी म्हणालो.
त्यांनी डबीतल्या पिसाकडे पाहिलं.
"किती?"
"बावीस."
"पौंड?"
"कबुतरं."

वडील खाणीतून वर आले की
तोंड धुवायच्या आधी आभाळ बघायचे.
त्यांच्याच जोड्यांची ही पतवंडं.
नाद आणि नादारी
एकाच अक्षरांनी सुरू होतात, मला काय ते ठाऊक नव्हतं?
"विकतो," म्हटलं. "बावीसच्या बावीस."
"विका हवी तर. पण या कागदासाठी नको.
ज्या हिशेबात माणूस मावत नाही
तो हिशेब मे महिनाही बघत नाही."
आणि त्यांनी ओळ भरली:
दाणा, दरमहा, अठरा पौंड.
शून्याखाली दडवलेलं माझं काहीतरी
निळ्या शाईत उघड्यावर आलं.

साठ दिवसांची उसंत मिळेल, त्या म्हणाल्या.
तोवर व्याज नाही, फोन नाही, दारावर थाप नाही.
"कर्ज कुठे जात नाही हं.
फक्त मानेवरून उतरून खुर्चीत बसेल.
मग त्याच्याशी बोलता येतं."
"आणि बायकोशी?"
"त्याचा फॉर्म नसतो."

संध्याकाळी मी लिनेटला खुराड्यात बोलावलं.
ती नाकाला स्कार्फ लावून आली.
शेवटचं कबूतर अजून बाहेरच होतं,
छपरावर घिरट्या घालत, उतरू की नको करत.
रिकाम्या जागेवर डबा आता
उलट्या बाजूला कलला होता.
तिनं खाली वाकून पाहिलं, खोकली,
आणि म्हणाली,
"ही वीट इथे कशाला?"